कार्डातली शिल्लक आणि जप्तीचा हुकूम

कर्जाचे हप्ते थकले, तगादा सुरू झाला आणि बँकेतले खाते कोणत्याही दिवशी गोठवले जाईल अशी धास्ती मनात बसली, की ज्याच्यापाशी थोडीबहुत रोकड उरली आहे असा मनुष्य ती ठेवण्यासाठी एखादी निर्धोक जागा शोधू लागतो. आणि अशा माणसाला शेजारीपाजारी व कचेरीतले सहकारी अलीकडे हमखास जो सल्ला देतात तो असा, की पैसे बँकेत ठेवूच नका, एखादे प्रीपेड कार्ड घ्या किंवा मोबाइलच्या वॉलेटमध्ये भरून ठेवा, तेथे सावकाराचा हात पोहोचत नाही. याच्या नेमकी उलट समजूत बाळगणारेही पुष्कळ आहेत. वसुली एजंटाने फोनवरून ‘तुमची सगळी खाती, सगळी कार्डे आजच बंद करतो’ असे दरडावले, की निवृत्तिवेतनावर दिवस काढणाऱ्या गृहस्थाला ते खरे वाटते आणि औषधासाठी राखून ठेवलेले पैसेही तो भीतीपोटी एजंटाच्या स्वाधीन करतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, दोन्हींपायी गरजू माणसांचे नुकसान होते, आणि म्हणून कार्डातल्या पैशाचे कायद्याच्या दृष्टीने स्थान काय, हे जरा सविस्तर पाहणे अगत्याचे आहे.

बचत खात्याबरोबर मिळणारे डेबिट कार्ड आणि प्रीपेड कार्ड ही दिसायला सारखी असली, तरी त्यांच्यामागचा व्यवहार भिन्न आहे. डेबिट कार्ड हे ठेवीपर्यंत पोहोचण्याचे केवळ साधन. पैसा असतो तो खात्यात, त्यावर व्याज मिळते, आणि बँक बुडालीच तर प्रत्येक ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. प्रीपेड कार्डात मात्र आपण रक्कम आगाऊ भरतो, आणि ते कार्ड देणारी संस्था, मग ती बँक असो वा बँकेतर कंपनी, तेवढ्या रकमेपर्यंत आपली खरेदी भागवण्याचे बंधन पत्करते. या शिलकेवर व्याज मिळत नाही. आणि कार्ड देणारी कंपनी बँक नसेल, तर तिच्याकडची आपली रक्कम बँकठेव नसल्यामुळे तिला ठेव विमाही लाभत नाही. या सर्व साधनांचे नियमन 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यान्वये रिझर्व्ह बँक करते, आणि पुढे येणाऱ्या मर्यादा तिने 27 ऑगस्ट 2021 रोजी काढलेल्या निर्देशांतल्या आहेत.

ज्याने केवळ मोबाइल क्रमांक पडताळून दिला आणि आपले नाव व एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक स्वतःच्या जबाबदारीवर कळवला, त्याला जे लहान साधन मिळते त्यात एका महिन्यात 10,000 रुपयांहून व एका आर्थिक वर्षात 1,20,000 रुपयांहून अधिक भरणा करता येत नाही, आणि शिल्लक कोणत्याही वेळी 10,000 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. या पैशातून वस्तू आणि सेवा विकत घ्याव्यात. तो रोख काढण्याची किंवा दुसऱ्याला पाठवण्याची मुभा नाही. पूर्ण केवायसी करून घेणाऱ्याला शिल्लक 2 लाख रुपयांपर्यंत ठेवता येते, ही मर्यादा 2021 च्या मे महिन्यापूर्वी 1 लाख होती. आगाऊ नोंदवून ठेवलेल्या व्यक्तीला महिन्याला 2 लाखांपर्यंत व इतरांना 10,000 रुपयांपर्यंत रक्कम धाडता येते. आणि बँकेतर कंपनीच्या कार्डावरून एका वेळी 2,000 व महिन्याकाठी 10,000 रुपयांपर्यंत रोकडही काढता येते. सणासमारंभाला देतात ते भेटकार्ड फार तर 10,000 रुपयांचे असते आणि त्यात पुन्हा भरणा होत नाही. मेट्रो व बसच्या प्रवासाचे कार्ड 3,000 रुपयांपर्यंत.

हे आकडे पाहून यामागे ऋणकोच्या रक्षणाचा काही विचार असावा असे कोणाला वाटेल, परंतु तसे नाही. ज्याची ओळख पुरती पटलेली नाही अशा माणसाच्या हातून मोठा पैसा निनावीपणे फिरू नये, एवढाच या मर्यादांचा मूळ हेतू आहे. मात्र त्यांचा एक आनुषंगिक परिणाम ऋणकोच्या पथ्यावर पडतो. ज्याला चार लाखांचा हुकूमनामा वसूल करावयाचा आहे, तो धनको वकिलाची फी, दरखास्तीचा खर्च आणि तारखांवर तारखा सोसून सात हजारांच्या शिलकेमागे धावत नाही. तो घराकडे, पगाराकडे, मुदतठेवीकडे वळतो. कार्डातला पैसा बहुधा सुरक्षित राहतो तो त्याच्या अल्पत्वामुळे, आणि ‘तेथे हात पोहोचत नाही’ ही लोकसमजूत बहुतांशी या अनुभवातून उपजलेली आहे. पण हात न घालणे वेगळे आणि घालता न येणे वेगळे. हा भेद ज्याला उमगला नाही त्याची पुढे फसगत होते.

हात घालता येतो की नाही, याचे उत्तर 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. तिच्या 60 व्या कलमात जप्तीस पात्र मालमत्तेची जी यादी दिली आहे ती वाचताना एक सबंध जुने अर्थव्यवहाराचे जग डोळ्यांपुढे उभे राहते: जमिनी, घरे, माल, रोकड, नोटा, धनादेश, हुंड्या, वचनचिठ्ठ्या, सरकारी रोखे, इतरांकडून येणे असलेल्या रकमा, कंपन्यांचे भाग. प्रीपेड कार्डाचे नाव त्यात असण्याचे कारणच नाही. परंतु यादीच्या अखेरीस संहिताकारांनी ऋणकोच्या मालकीची, अथवा जिच्यावर तो स्वतःच्या लाभासाठी सत्ता चालवू शकतो अशी, इतर सर्व विक्रेय मालमत्ता समाविष्ट करून ठेवली आहे. आणि ‘येणे’ हा शब्द तर मूळ यादीतच आहे. कार्डातली शिल्लक म्हणजे कार्ड देणाऱ्या संस्थेकडून कार्डधारकाला असलेले येणेच होय. लहान साधनातून रोकड काढता येत नाही, मग ते येणे कसे, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर असे, की धारकाला कार्ड केव्हाही बंद करून उरलेली रक्कम, ती जेथून आली त्या खात्यावर किंवा केवायसी पुरी करून आपल्या बँक खात्यावर, परत मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनी दिलेला आहे. जे धारकाला मागता येते, ते त्याच्या धनकोला न्यायालयामार्फत अडवता येते.

हे अडवणे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासारखे आहे, कारण वसुली एजंटाच्या धमक्या आणि कायद्याची चाल यांतले अंतर तेथेच स्पष्ट होते. धनकोने प्रथम दावा लावून हुकूमनामा मिळवला पाहिजे. दाव्याच्या निकालाआधी जप्ती क्वचित मिळते, आणि तीही ऋणको मालमत्ता लांबवण्याच्या खटपटीत आहे असे न्यायालयाला पटवून दिल्यावरच. हुकूमनाम्यानंतर, बारा वर्षांच्या मुदतीत, त्याने अंमलबजावणीची दरखास्त दिली पाहिजे. मग संहितेच्या 21 व्या आदेशाच्या 46 व्या नियमाखाली न्यायालय एक मनाई हुकूम काढते, ज्यान्वये ऋणकोने ते येणे वसूल करू नये आणि ज्याच्याकडून ते येणे आहे त्याने ते ऋणकोला देऊ नये, असे उभयतांना फर्मावले जाते. याच्या पुढची पायरी 1976 च्या दुरुस्तीने घातलेल्या 46-अ पासूनच्या नियमांत आहे. कायदा ज्याला गार्निशी म्हणतो तो हा ऋणकोचा ऋणको, म्हणजे आपल्या उदाहरणात कार्ड देणारी बँक वा कंपनी. तिला नोटीस जाते, की रक्कम न्यायालयात भरा किंवा का भरू नये याचे कारण दाखवा. ती हरकत घेऊ शकते, रक्कम तिसऱ्याच कोणाची आहे असे दिसल्यास त्या तिसऱ्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकले जाते, आणि वाद उपस्थित झाल्यास तो एखाद्या दाव्याप्रमाणे चालतो. या साऱ्या प्रवासात फोनवरून दरडावणाऱ्या माणसाला कोठेही स्थान नाही. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 च्या नंतर ऋणकोला फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलेले आहे. खाते वा कार्ड गोठवण्याचा अधिकार तर त्यांना कधीच नव्हता.

धनकोला कार्डाचा पत्ता कसा लागणार, या प्रश्नावर पुष्कळांची भिस्त असते. भेटकार्ड किंवा मेट्रोचे कार्ड हुडकून काढणे कठीण आहे हे खरे; परंतु पूर्ण केवायसीचे कार्ड पॅन, आधार आणि मोबाइल क्रमांक यांच्याशी जोडलेले असते, आणि शिवाय 21 व्या आदेशाचा 41 वा नियम धनकोच्या हाती आहे. त्याखाली न्यायालय ऋणकोला आपल्या यच्चयावत मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्यास सांगू शकते, आणि तो हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवू शकते. येथे एक गोष्ट अगदी मनःपूर्वक सांगावीशी वाटते. 1980 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात असे ठरवून दिले, की केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला तुरुंगात घालता येणार नाही. देण्याची ऐपत असून न देण्याची बदनियत सिद्ध झाली पाहिजे. दारिद्र्य हा अपराध नव्हे, हे या निकालाने ऋणकोला दिलेले केवढे मोठे अभय आहे! आणि जो मनुष्य पगार झाल्याबरोबर तो चार वॉलेटांत विभागून लपवतो व प्रतिज्ञापत्रात त्यांचा उल्लेख टाळतो, तो हे अभय आपल्या हाताने गमावतो. कारण ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते, त्याच्याविरुद्ध आता बदनियतीचा पुरावा तयार झालेला असतो.

न्यायालयाची पायरी न चढता वसुली करू शकणारेही काही आहेत, त्यांची नोंद येथेच केली पाहिजे. ज्या बँकेचे कर्ज आहे त्याच बँकेत खाते असेल, तर आपले येणे त्या खात्यातून वळते करून घेण्याचा बँकेचा हक्क जुना आहे. वस्तू व सेवा कराच्या थकबाकीसाठी अधिकारी 2017 च्या कायद्याच्या 79 व्या कलमाखाली, ज्याच्याकडे करदात्याचा पैसा आहे अशा कोणाही व्यक्तीला तो पैसा सरकारजमा करावयास सांगू शकतात. प्राप्तिकर खात्याच्या हाती तशीच सत्ता आहे. महाराष्ट्रात पतसंस्थांना 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या 101 व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यातली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. गावोगावच्या सभासदांना ‘एकशे एकचा दाखला’ म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पोलिसांचा अधिकार वेगळ्या जातीचा. महाराष्ट्र शासनाच्या एका अपिलात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते ही फौजदारी कायद्याच्या अर्थाने ‘मालमत्ता’ ठरवल्यापासून, गुन्ह्याशी संबंध असलेले खाते गोठवता येते, आणि आता हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 106 व्या कलमात आहे. त्याचा कर्जवसुलीशी काही संबंध नाही. थकलेल्या हप्त्यासाठी पोलीस खाते बंद करतील, ही भीती सर्वस्वी निराधार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कायद्याने संरक्षण दिले आहे ते पैसा कशात ठेवला आहे याला नव्हे, तर तो पैसा कसला आहे याला. आपल्याकडे या विचाराला इतिहास आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले, दंगलीचे लोण पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरले, आणि त्याची चौकशी होऊन 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैद करण्याचे बंद केले आणि विशेषत्वाने गहाण लिहून दिली नसेल तर त्याची जमीन जप्त करण्यास मनाई केली. माणसाकडून कर्ज वसूल करताना त्याचे जगण्याचे साधन काढून घेऊ नये, हे तत्त्व या दख्खनच्या मातीत रक्त आणि घाम सांडून रुजलेले आहे. संहितेच्या 60 व्या कलमातली अपवादांची यादी त्याच तत्त्वावर उभी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बैल, अवजारे व बियाणे; आणि पैशाच्या स्वरूपात पाहू गेल्यास मजुरांची व घरगड्यांची मजुरी, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. हे हक्क सोडून देतो असे ऋणकोकडून कोणी लिहून घेतले, तरी तो करार रद्दबातल आहे, असेही त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. कर्जाच्या छापील कागदांवर न वाचता सह्या करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पगाराचा हिशेब उदाहरणाने पाहू. एखाद्या कारकुनाचा पगार 31,000 रुपये आहे. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यासाठी पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. म्हणजे 30,000 चे दोनतृतीयांश 20,000, त्यात पहिले 1,000 मिळवून 21,000 त्याच्या हाती राहतात आणि 10,000 पर्यंतच जप्त होऊ शकतात. ही जप्ती एकंदर 24 महिने चालली, की त्या हुकूमनाम्यापुरता त्याचा पगार कायमचा मुक्त होतो. यातला 1,000 चा आकडा 1999 च्या दुरुस्तीने ठरला आणि 2002 पासून लागू आहे. त्याआधी तो 400 होता. धान्य, घरभाडे, मुलांच्या फिया कोठल्या कोठे गेल्या आणि संसार चालवण्यासाठी राखून ठेवलेली ही किमान रक्कम मात्र जागची हलली नाही, याला अन्यायाखेरीज दुसरा शब्द नाही, आणि तो आकडा वाढवण्याची तजवीज संसदेने फार पूर्वीच करावयास हवी होती.

खरा बिकट प्रश्न पुढे आहे. निवृत्तिवेतन जप्त होत नाही हे कबूल. पण ते खात्यात जमा होऊन तेथून कार्डात भरले गेल्यावर ते निवृत्तिवेतनच राहते, की नुसता पैसा बनते? 2008 च्या नोव्हेंबरात पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमा मुदतठेवीत गुंतवल्या तरी त्यांचे मूळ स्वरूप नष्ट होत नाही आणि त्या जप्तीपासून मुक्तच राहतात. ही विचारसरणी मुदतठेवीला लागू पडत असेल, तर कार्डातल्या शिलकेला ती लागू न पडण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला दिसत नाही. ओढ्याचे पाणी घागरीत भरले म्हणून त्याची चव बदलत नाही. परंतु ती रक्कम निवृत्तिवेतनाचीच आहे हे दाखवून देता आले पाहिजे, आणि येथेच लोक चुकतात. एकाच कार्डात निवृत्तिवेतन, मुलाने पाठवलेले पैसे, जुन्या वस्तू विकून आलेली रक्कम, असे सारे एकत्र करून महिनोन्‌महिने खर्च चालवला, की त्यातले कोणते रुपये कुठले हे सांगणे ब्रह्मदेवालाही अशक्य होते. ज्याला संरक्षण हवे आहे त्याने संरक्षित पैसा एका स्वतंत्र खात्यात येऊ द्यावा, तेथेच राहू द्यावा, आणि कार्डात घरखर्चापुरतेच भरावे.

कार्डधारकाच्या धनकोंविषयी इतके झाले. पण कार्ड देणाऱ्या कंपनीचेही धनको असतात, आणि ती कंपनी डबघाईला आली तर तिच्या धनकोंत आपली शिल्लक वाटली जाईल काय, ही चिंता अस्थानी नाही. तिचे उत्तर समाधानकारक आहे. बँकेतर कंपनीला ग्राहकांचा पैसा शेड्यूल्ड बँकेतल्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो, आणि 2015 च्या दुरुस्तीने पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात आलेल्या 23-अ या कलमाप्रमाणे, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने वेगळ्या ठेवलेल्या अशा रकमेवर पहिला आणि सर्वश्रेष्ठ बोजा ती मिळण्यास हक्कदार असलेल्यांचा असतो. त्यांची पूर्ण फेड झाल्याशिवाय परिसमापकालाही तिला हात लावता येत नाही.

अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन थेट खात्यात जमा होत असलेल्या माणसाविरुद्ध जप्तीचा हुकूम बँकेकडे आला, तर मागच्या दोन महिन्यांत असा किती पैसा जमा झाला हे बँकेने स्वतःच तपासावयाचे आणि तेवढी रक्कम खातेदाराने अर्ज न करताही मोकळी ठेवावयाची, असा नियम 2011 च्या मे महिन्यापासून लागू आहे. आपल्याकडे हा भार म्हाताऱ्या खातेदारावर पडतो: आधी खाते अडकते, मग तो वकील शोधतो, मग तारीख लागते. निवृत्तिवेतनाची जमा कोणत्या नोंदीने होते हे बँकेच्या यंत्रणेला ठाऊक असताना हा भार तिने का उचलू नये? असा नियम येथेही झालाच पाहिजे.

तो होईपर्यंत वाचकांना सांगणे इतकेच. न्यायालयाची नोटीस आली, तर ती नाकारू नये, आणि कार्डातला पैसा घाईघाईने दुसरीकडे हलवू नये. मनाई हुकुमानंतर केलेले असे हस्तांतर दिवाणी संहितेच्या 64 व्या कलमाप्रमाणे धनकोविरुद्ध निरर्थक ठरते. निवृत्तिवेतनाचा आदेश किंवा पगाराची पावती, खात्याचा व कार्डाचा उतारा जोडून, ही रक्कम 60 व्या कलमाने मुक्त आहे असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. स्त्रियांना तेथे त्यांचे उत्पन्न न विचारता विनामूल्य वकील मिळतो, आणि अल्प उत्पन्नाच्या पुरुषांनाही.